भूक आणि मन : ज्येष्ठांच्या सर्वेक्षणाची पूर्वतयारी

वार्षिक अहवालात प्रशासकाच्या वाट्याला बहुधा आकड्यांची पाने येतात. यंदा विश्वस्त मंडळाने माझ्यावर थोडे निराळे काम सोपविले आहे. साठ वर्षांवरील नागरिकांचा आहार आणि त्यांची मनःस्थिती यांचे एक सर्वेक्षण हाती घेण्याचा आपल्या रुग्णालयाचा मानस आहे. त्याची पूर्वतयारी कशी चालली आहे, हे देणगीदार, हितचिंतक व रुग्णांचे नातेवाईक यांना समजेल अशा शब्दांत सांगावे, असा तो आदेश आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. आमचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, परिचारिका आणि वैद्यकीय समाजसेविका यांच्याबरोबर बसून मला जे उमगले, तेच येथे मांडत आहे.

या विषयाशी माझा संबंध आला तो स्वयंपाकघराच्या खर्चामुळे. वॉर्डांतून परत येणाऱ्या ताटांत किती अन्न उरते, याची नोंद आम्ही ठेवतो. महिला वॉर्डातील रात्रीची ताटे फार भरलेली परत येतात असे दिसल्यावर मी ते प्रमाण कमी करण्याची टिपणी लिहिली. माझ्या लेखी तो अपव्यय होता. दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या ज्येष्ठ परिचारिका ती टिपणी घेऊन माझ्या खोलीत आल्या व म्हणाल्या, "साहेब, अन्न जास्त होत नाहीये, आजी जेवत नाहीयेत. ताट ठेवलं की भिंतीकडे तोंड करून झोपतात."

त्या आजी मांडीच्या हाडाच्या अस्थिभंगासाठी दाखल झाल्या होत्या. त्यांच्या कागदपत्रांत हाडाविषयी सर्व काही होते; वजनाचा रकाना मात्र रिकामा होता आणि मनाविषयी विचारणारा रकाना मुळात छापलेलाच नव्हता. यजमान गेल्यापासून त्या घरीही एक वेळच जेवत होत्या, ही गोष्ट परिचारिकांनी शेजारी बसून बोलते केल्यावर कळली. मी टिपणी मागे घेतली. ज्या आकड्याला मी खर्चाची बाब समजत होतो, तो एका आजाराची खूण होता, ही जाणीव मात्र मनातून गेली नाही.

त्याच सुमारास एका देणगीदारांनी परिसरातील ज्येष्ठांना टॉनिकच्या बाटल्या वाटण्यासाठी भरीव रक्कम देऊ केली. विश्वस्तांच्या बैठकीत प्रश्न निघाला : या बाटल्या कोणाला द्यायच्या, किती दिवस आणि कशासाठी? मला उत्तर देता आले नाही. डॉक्टरांनाही आपल्या परिसरापुरते ठोस उत्तर देता येईना. तेव्हा आधी माहिती घ्यावी व मग खर्च करावा, असे ठरले. त्या देणगीदारांनीही मोठ्या मनाने थांबण्याचे मान्य केले. प्रस्तावित सर्वेक्षणाचा उगम हा असा आहे.

प्रश्नाची व्याप्ती

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशातील साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. या वयोगटाविषयी देशपातळीवरील सर्वांत विस्तृत माहिती 'लासी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासातून मिळते. मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा त्यात प्रमुख वाटा आहे. २०१७-१८ मध्ये झालेल्या त्याच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील सुमारे ७२ हजार व्यक्तींना भेटून माहिती घेण्यात आली व २०२१ च्या आरंभी अहवाल प्रसिद्ध झाला.

त्या अहवालानुसार साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे २७ टक्के कमी वजनाच्या, तर सुमारे २२ टक्के जादा वजनाच्या वा स्थूल आढळल्या. लक्षणांच्या प्रश्नावलीवरून ८.३ टक्के ज्येष्ठांना नैराश्य असण्याचा संभव दिसला, म्हणजे बारा ज्येष्ठांमागे साधारण एकाला. मात्र 'डॉक्टरांनी मला हा आजार असल्याचे सांगितले आहे' असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण त्याच्या जेमतेम दशांश होते. जो आजार कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही, तो रुग्णालयाच्या नोंदवहीत येणार तरी कसा?

एका वाक्यात दोन तक्रारी

आपल्याकडील वडीलधारी माणसे 'मला नैराश्य आले आहे' असे कधी म्हणत नाहीत. ती म्हणतात, 'अन्न गोड लागत नाही', 'घास उतरत नाही', 'करमत नाही', 'कशात जीव रमत नाही'. यांतील पहिली दोन वाक्ये पोटाची आणि नंतरची दोन मनाची, असे वरवर वाटते. बोलणाऱ्याच्या लेखी मात्र ती एकच तक्रार असते. 'अन्न गोड लागत नाही' असे सांगणाऱ्या आजोबांच्या मनावर मळभ आले असेल; त्यांची कवळी सैल झाली असेल; एखाद्या औषधाने तोंडाची चव गेली असेल; किंवा पोटात एखादा गंभीर आजार मूळ धरत असेल. सर्वेक्षणाचे पहिले काम म्हणजे एका वाक्यात गुंफलेल्या या शक्यता वेगळ्या करणे.

आहार आणि मन यांचा संबंध दोन्ही दिशांनी चालतो. मन खचलेला माणूस रांधत नाही, बाजारात जात नाही, चहात पोळी बुडवून रात्र काढतो. उलट, आहारातील उणिवेचाही मनावर परिणाम होऊ शकतो. ब-१२ जीवनसत्त्वाचे उदाहरण आपल्याकडे विशेष महत्त्वाचे आहे. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस अशा प्राणिज अन्नातून मिळते. धान्य, डाळी व भाज्यांत ते नसते. उतारवयात शरीराची ते शोषून घेण्याची क्षमता घटते. मधुमेहावरील मेटफॉर्मिनसारखे औषध दीर्घकाळ घेतल्यानेही त्याची पातळी खालावू शकते. त्याच्या अभावाने हातापायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा आणि उदासी संभवते. शाकाहारी, मधुमेही, दूध जेमतेम चहापुरते घेणाऱ्या आजींची उदासी दुःखाची की ब-१२ च्या कमतरतेची, हे नुसत्या चेहऱ्यावरून सांगता येत नाही. कित्येकदा दोन्ही कारणे एकत्र असतात.

मग सरसकट जीवनसत्त्वे का वाटू नयेत? मीही डॉक्टरांना हेच विचारले. त्यांनी दोन चाचण्यांचा दाखला दिला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत नैराश्याच्या ६७ रुग्णांपैकी काहींना बारा आठवडे आहारतज्ज्ञांचे मार्गदर्शन दिले, तर इतरांना गप्पागोष्टींचा आधार दिला. आहार सुधारलेल्या गटात सुमारे ३२ टक्के, तर दुसऱ्या गटात ८ टक्के रुग्णांची लक्षणे जवळजवळ ओसरली. ही चाचणी लहान होती व केवळ ज्येष्ठांची नव्हती. तरीही तिने आशा दाखविली. याउलट, अमेरिकेत पन्नाशीच्या आसपास व त्यापुढील वयाच्या १८ हजारांहून अधिक व्यक्तींना सुमारे पाच वर्षे रोज ड जीवनसत्त्व किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. २०२० मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य टाळण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. ज्याला कमतरता आहे त्याला औषध दिलेच पाहिजे. परंतु ज्याची उणीव तपासलेली नाही त्याच्या हाती बाटली ठेवल्याने मन सावरेल, असे मानण्यास आधार नाही.

तयार मापे आणि त्यांतील दुहेरी नोंद

सर्वेक्षणाची प्रश्नावली कोऱ्या कागदावर आपल्या मनाने लिहावयाची नसते. जगभर वापरून पारखलेली मापे उपलब्ध असतात. ज्येष्ठांच्या नैराश्याच्या चाळणीसाठी अमेरिकेतील डॉ. येसावेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तीस प्रश्नांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. १९८६ मध्ये तिचे पंधरा प्रश्नांचे लघुरूप आले. सर्व प्रश्न गेल्या आठवड्याविषयी असून उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढेच द्यायचे असते. पाच वा अधिक गुण आल्यास डॉक्टरांनी सविस्तर तपासणी करावी, असा सामान्य संकेत आहे. ही चाळणी आहे, निदान नव्हे.

पोषणासाठी १९९० च्या दशकात तयार झालेली एक मोजपट्टी सर्वत्र वापरली जाते. तिच्या लघुरूपात सहा प्रश्न व एकूण चौदा गुण आहेत. १२ ते १४ गुण म्हणजे पोषण ठीक, ८ ते ११ म्हणजे धोका आणि ७ वा कमी म्हणजे कुपोषण. तीन महिन्यांत जेवण घटले का, वजन उतरले का, चालणे-फिरणे कसे आहे, मोठा आजार वा मानसिक आघात झाला का, स्मृतिभ्रंश अथवा नैराश्य आहे का, आणि उंची-वजनाचे प्रमाण काय, असे ते सहा प्रश्न होत.

आमच्या बैठकीत या पाचव्या प्रश्नाशी मी अडखळलो. पोषण मोजणाऱ्या पट्टीतच नैराश्याचे गुण कापले जातात. समजा, एखाद्या आजींना तेरा गुण मिळाले असते. तीव्र नैराश्यामुळे दोन गुण गेले की त्या अकरावर, म्हणजे धोक्याच्या गटात येतात. त्यांच्या ताटात काहीही बदललेले नसते. मग दुसऱ्या पट्टीवर त्यांचे नैराश्य मोजायचे आणि 'नैराश्य असणाऱ्यांचे पोषण खालावलेले आढळले' असा निष्कर्ष काढायचा, म्हणजे एकच रक्कम दोन खात्यांत जमा दाखविण्यासारखे आहे. असा ताळेबंद कोणताही लेखापरीक्षक मान्य करणार नाही.

डॉक्टरांनी समजावले की ही अडचण जाणकारांना परिचित आहे आणि तिच्यावर उपायही आहेत. पोषणाचे गुण त्या प्रश्नासह व त्या प्रश्नाशिवाय अशा दोन्ही रीतींनी मांडायचे. वजन, पोटरीचा घेर व आहाराची नोंद स्वतंत्र ठेवायची. आणि मनासाठी भूक व झोप यांवर भर न देणारी पट्टी निवडायची. ज्येष्ठांच्या नैराश्याच्या पंधरा प्रश्नांत भुकेचा वा झोपेचा प्रश्न नाही, कारण उतारवयात त्या तक्रारी इतर आजारांमुळेही उद्भवतात. त्यात 'अंगात उत्साह वाटतो का' असा एक प्रश्न मात्र आहे. रक्तक्षय झालेला माणूस त्याला 'नाही' म्हणणारच. म्हणून रक्ततपासणीची जोड आवश्यक ठरते.

प्रश्न मराठीत उतरविताना

भाषांतराची रूढ पद्धत अशी : दोन जाणकारांनी मूळ प्रश्न स्वतंत्रपणे मराठीत आणावयाचे, दोन्ही मसुदे एकत्र करावयाचे, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीकडून ते पुन्हा इंग्रजीत न्यावयाचे आणि अर्थ कोठे घसरला ते पाहावयाचे. यावर न थांबता, प्रश्न प्रत्यक्ष ज्येष्ठांना वाचून दाखवून 'यातून तुम्हांला काय समजले?' असे विचारावे लागते. खरी परीक्षा तेथे होते.

'तुम्हांला कंटाळा येतो का?' हा साधा प्रश्न घ्या. आयुष्यभर कष्ट केलेल्या आजींना तो आळसाचा आरोप वाटतो. 'कामाचा कसला कंटाळा?' असे त्या तत्परतेने सांगतात आणि आपल्या कागदावर चुकीचे उत्तर उमटते. 'तुम्ही आयुष्यात समाधानी आहात का?' या प्रश्नाचीही तीच गत. समाधान हा आपल्याकडे सद्गुण मानला जातो. 'नाही' म्हणणे म्हणजे देवाविषयी व मुलांविषयी कृतघ्नता दाखविणे. 'बाहेर जाण्यापेक्षा घरी राहणे आवडते का?' याला गुडघेदुखीचा प्रत्येक रुग्ण 'होय' म्हणेल. अशा ठिकाणी मापाची मूळ चौकट न मोडता 'गेल्या आठवड्यात' या शब्दांवर भर द्यावा लागतो आणि उत्तरामागचे कारण बाजूच्या रकान्यात टिपावे लागते.

आणखी एक अडचण प्रत्यक्ष बसल्यावरच ध्यानात येते. कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना 'जगणे नकोसे वाटते का?' हे मोठ्याने ओरडून विचारले, तर ते शेजारच्या घरातही ऐकू जाते. यासाठी ठळक अक्षरांतील प्रश्नांची कार्डे करण्याचे ठरले आहे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी आवाज वाढविणारे साधे श्रवणयंत्र मुलाखतकाराजवळ राहील. मुलाखतीच्या वेळी घरातील अन्य माणसे जवळ नसावीत, हेही तितकेच महत्त्वाचे. सून शेजारी बसलेली असताना सासूबाई 'सगळं छान आहे' असेच सांगतील आणि मुलगा समोर असताना वडील तक्रार करणार नाहीत. यात कोणाचा दोष नाही. घराची अब्रू सांभाळणे ही आपली रीतच आहे.

ताटाचा हिशेब

'जेवलात का?' या प्रश्नाला आपल्याकडे 'हो, झालं जेवण' हेच शिष्टाचाराचे उत्तर असते. म्हणून आहार विचारताना काल सकाळी उठल्यापासूनचा दिवस क्रमाने आठवावयाचा : पहिला चहा केव्हा, बरोबर काय, दुपारी भाकरी की पोळी, केवढी, वरण घट्ट की पातळ, रात्री चूल पेटली का. 'वाटी' प्रत्येक घरी वेगळी असते. यास्तव मुलाखतकाराच्या पिशवीत ठरावीक मापाची वाटी, पळी आणि निरनिराळ्या आकारांच्या भाकरीच्या कागदी चकत्या असतील. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. पन्नास किलो वजनाच्या व्यक्तीस ही गरज सुमारे ४१ ते ४२ ग्रॅम होते. पातळ वरणात डाळ किती व पाणी किती, हे न विचारता या गरजेचा हिशेब लागणार नाही.

उपवासांचे भान न ठेवल्यास सर्व नोंदी फसतील. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण तरुण पोटांसाठी आहे. अनेक वृद्ध स्त्रिया एकादशी, चतुर्थी, सोमवार वा गुरुवार कपभर दूध व दोन केळ्यांवर काढतात. म्हणून एकाच दिवसाची नोंद न घेता सलग नसलेल्या दोन दिवसांची घ्यावी आणि आठवड्यात, महिन्यात किती उपवास होतात ते वेगळे लिहावे, असे आहारतज्ज्ञांनी सुचविले आहे. जेवण कोण करते, दात वा कवळी कशी आहे, घरात पैसा कोणाच्या हाती असतो आणि जेवताना समोर कोणी असते का, हे प्रश्नही त्याच भागात येतात. एकट्याने जेवणे हा आहाराचा प्रश्न की मनाचा, यावर आमच्या बैठकीत बराच खल झाला. अखेर तो दोन्हींच्या मध्ये स्वतंत्र ठेवला.

अनेकांनी आपले वजन कित्येक वर्षांत केलेले नसते. 'तीन महिन्यांत किती किलो कमी झाले?' याला ते काय उत्तर देणार? त्यांना विचारावयाचे : अंगठी बोटातून निसटते का, बांगड्या कोपराकडे सरकतात का, सदरा किंवा ब्लाउज सैल झाला का? पाठीला बाक आल्याने उंचीही नीट मोजता येत नाही. अशा वेळी गुडघ्यापासून टाचेपर्यंतचे माप घेऊन उंचीचा अंदाज बांधतात. ज्यांना उभेच राहता येत नाही, त्यांच्या पोटरीचा घेर मोजला जातो; तो ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास लक्ष देणे जरूर ठरते. त्यासाठी लागते ती केवळ एक मोजफीत.

किती जण आणि कोण

आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्यांनाच प्रश्न विचारले तर काम सोपे होईल. परंतु जो अंथरुणावरून उठतच नाही, ज्याला आणावयास कोणी नाही, तो या हिशेबातून वगळला जाईल आणि शोध तर त्याचाच आहे. म्हणून वस्तीवार याद्यांतून चिठ्ठी पद्धतीने नावे काढून घरी जावे लागेल. सकाळी अकरा वाजता घरी भेटणारे बहुधा निवृत्तिवेतनधारक असतात. भाजी विकणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, शेतमजुरीला जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी संध्याकाळची फेरी हवी.

संख्येचे गणित मात्र माझ्या परिचयाचे निघाले. एखाद्या गोष्टीचे प्रमाण आधी ठाऊक नसेल, तर ते निम्मे धरतात. ९५ टक्के विश्वासाने व पाच टक्क्यांच्या आतबाहेर उत्तर हवे असल्यास सुमारे ३८५ व्यक्ती लागतात. दहांतील एक जण नकार देईल असे धरल्यास ४२८ जणांकडे जावे लागेल. वस्त्या निवडून त्यांतून घरे घेतल्यास, किंवा स्त्रिया व पुरुष यांची तुलना करावयाची असल्यास, ही संख्या आणखी वाढते. मोठी संख्या चुकीच्या निवडीची भरपाई करू शकत नाही, हेही संख्याशास्त्रज्ञांनी बजावले आहे.

एक मर्यादा येथेच नमूद करतो. असे सर्वेक्षण एका वेळचे छायाचित्र असते. कमी जेवणारे अधिक उदास आहेत, एवढे त्यातून दिसेल. आधी काय झाले, ते दिसणार नाही. तरीही कोठे कवळी हवी, कोठे डबा हवा, कोठे औषध हवे आणि कोठे ऐकणारे माणूस हवे, याचा अंदाज येण्यास ते पुरेसे आहे.

विचारण्याची जबाबदारी

मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग हा आहे. व्यापारात माल उचलला की त्याच क्षणी देणे उत्पन्न होते. एखाद्या वृद्ध माणसाला 'तुम्हांला जगणे व्यर्थ वाटते का?' असे विचारले आणि तो 'होय' म्हणाला, की त्याच क्षणी आपल्या संस्थेवर एक देणे चढते. कागद घडी करून निघून येण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

यासाठी काही नियम निश्चित केले आहेत. स्वतःला इजा करण्याचा विचार कोणी बोलून दाखविल्यास मुलाखत थांबेल, त्या व्यक्तीस एकटे सोडले जाणार नाही व त्याच दिवशी डॉक्टरांशी गाठ घालून दिली जाईल. नैराश्याचे वा कुपोषणाचे गुण चिंताजनक आल्यास ठरलेल्या मुदतीत तपासणी होईल. रक्ततपासणीचा अहवाल प्रत्येकाला समजावून हाती दिला जाईल. डॉक्टरांची ही वेळ राखून ठेवल्याशिवाय पहिली मुलाखत सुरू करावयाची नाही, असा ठराव विश्वस्त मंडळाने केला आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा कामास नैतिकता समितीची पूर्वमान्यता लागते. ज्येष्ठांची संमती त्यांना समजेल अशा भाषेत घ्यावयाची. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्या अंगठ्याच्या ठशासोबत तटस्थ साक्षीदार असावयाचा. मुलाने होकार दिला म्हणजे आईची संमती झाली, असे मानावयाचे नाही. नकार दिल्याने रुग्णालयातील उपचारांत वा सवलतीत काहीही फरक पडणार नाही, हे आरंभीच सांगितले जाईल. नावे व उत्तरे वेगवेगळ्या कुलपांत राहतील.

आपल्याकडून अपेक्षा

देणगीदारांना एक गोष्ट स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे. धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेनुसार बाजूला ठेवला जाणारा निर्धन रुग्ण निधी निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांच्या उपचारांसाठीच आहे; सर्वेक्षणासाठी तो वापरता येणार नाही. मुलाखतकारांचे प्रशिक्षण, वजनकाटे, रक्ततपासण्या, प्रवास आणि समुपदेशकांचे मानधन यांसाठी स्वतंत्र निधी उभारावा लागेल. त्याचबरोबर निष्कर्षांनंतरच्या मदतीसाठीही तरतूद आत्ताच करून ठेवावी लागेल. टॉनिकसाठी रक्कम देऊ केलेल्या देणगीदारांनी ती रक्कम या दुसऱ्या कामासाठी राखून ठेवली आहे. त्यातून बाटल्या येतील, कवळ्या येतील की दुपारचे डबे, हे आता ज्येष्ठांच्या उत्तरांवर ठरेल.

रुग्णांच्या कुटुंबीयांना सर्वेक्षणाची वाट पाहण्याचे कारण नाही. घरातील वडीलधाऱ्यांचे कपडे सैल होत असतील, ताटात नेहमीपेक्षा अधिक उरत असेल, देवदर्शन, नातवंडे, वर्तमानपत्र यांतून मन उडाले असेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले असेल, तर 'म्हातारपणच ते' म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना दाखवावे, घेत असलेली सर्व औषधे बरोबर न्यावीत, दात तपासून घ्यावेत. मनाच्या तक्रारीसाठी शासनाची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर, तर ज्येष्ठांच्या अन्य अडचणींसाठी 'एल्डरलाइन' १४५६७ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. आणि शक्य असेल तेव्हा एक वेळचे जेवण त्यांच्यासोबत घ्यावे.

ज्या आजींमुळे मी माझी टिपणी मागे घेतली, त्यांच्यासाठी परिचारिकांनी त्यानंतर एक साधी गोष्ट केली. रात्रीचे ताट त्यांच्यासमोर नुसते ठेवून जाण्याऐवजी एखादी सिस्टर वा वॉर्डातील मावशी दहा मिनिटे त्यांच्याजवळ बसू लागली. डॉक्टरांनी तपासणी करून औषधेही सुरू केली. आजी हळूहळू अर्धी, पुढे एक पोळी खाऊ लागल्या. औषधाने किती फरक पडला आणि सोबतीने किती, हे मी सांगू शकत नाही. आता आमच्या दाखलपत्रावर वजनाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही आणि त्याखाली मनाविषयीच्या दोन प्रश्नांचा नवा रकाना छापला आहे. हाच प्रश्न रुग्णालयाच्या भिंतीबाहेरील ज्येष्ठांनाही नीट, आदराने आणि उत्तराची जबाबदारी घेऊन विचारता यावा, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे. आपल्या सहकार्यावर आमची भिस्त आहे.